महिना पाचशे रुपयांत निजामाची नाणी-तिकिटं जमतील का?

पूर्णाकाठ (परभणी) विचारतात:

नमस्कार मंडळी. मी खत-बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहितो. आजीच्या पेटीत निजामाच्या वेळची काही तांब्याची नाणी निघाली, त्यात मधोमध भोक असलेलं दोन पै आहे आणि चारमिनारचा एक रुपया आहे. तेव्हापासून नाद लागलाय. पण लेकरांच्या शाळेचं, दवाखान्याचं, हप्त्याचं सगळं भागवून माझ्या हाती या छंदासाठी महिन्याला पाचशे रुपयेच राहतात, त्याहून एक रुपया जास्त नाही.

एक जण मोबाईलवर तसंच भोकाचं दोन पै "अतिदुर्मिळ" म्हणून आठ हजाराला विकायलाय. शेजारचे म्हणायलेत, वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं असलं तर दहा लाख मिळतात, ते शोध. मला श्रीमंत व्हायचं नाही. आपल्या भागात चाललेला पैसा आपल्या घरात नीट लावून ठेवावा, एवढंच आहे. सुरुवात कुठून करू? चांदी घेऊ का तांबं? तिकिटांच्या भानगडीत पडू का?

हालीशिक्का (नांदेड):

भाऊ, आधी त्या आठ हजारवाल्याला ब्लॉक करा. भोकाचं दोन पै म्हणजे निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांत रग्गड पाडलेलं नाणं. जुन्या नाण्यांच्या दुकानदाराकडं वाटी भरून पडलेलं असतं आणि चहा-भज्यांच्या पैशात येतं. आणि दहा लाखवाल्यांना तर उत्तरसुद्धा देऊ नका. आधी म्हणतील नाणं घेतो, मग म्हणतील कमिशन भरा, टॅक्स भरा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं हा धंदा इतका वाढला की 2021 च्या ऑगस्टमध्ये बँकेला स्वतः पत्रक काढून सांगावं लागलं, आम्ही असले व्यवहार करत नाही आणि कुणाला अधिकारही दिलेला नाही.

आता पाचशेचं. जमतं, पण आधी बांध घाला. "निजामाचं सगळं" म्हणाल तर सोन्याच्या अशर्फीपासून शंभराच्या नोटेपर्यंत सगळं आलं, त्यात तुमचीच काय माझीही पेन्शन बुडेल. मी पोस्टातून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं: फक्त सातवा निजाम, मीर उस्मान अली, 1911 ते 1948. त्यातही रुपया सोडून खालची नाणी. पै, दोन पै, अर्धा आणा, आणा. एका किमतीचं दरवर्षीचं एकेक. गल्ल्यातल्या चिल्लरीसारखा हा माल दुकानदार वजनावर नाहीतर मुठीनं देतो, कारण त्यावरची सालं वाचायला त्याला वेळ नसतो. तुम्हाला वाचता आलं की तिथंच तुमचा फायदा.

साल वाचायला उर्दू यायलाच पाहिजे असं नाही, आकडे ओळखले की झालं. एक म्हणजे उभी रेघ. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात इंग्रजी व्ही सारखा, आठ तोच उलटा. पाच पत्त्यांतल्या उलट्या बदामासारखा. साल हिजरी असतं. त्याला 0.97 नं गुणा आणि 622 मिळवा, इसवी सन जवळपास येतो. नाण्यावर 1342 असेल तर ते 1923-24 चं. वर 92 दिसलं तर ते साल समजू नका, ते महंमद या नावातल्या अक्षरांच्या आकडी किमतीची बेरीज आहे, निजामाच्या पुष्कळ नाण्यांवर असतं. साल सोडून दुसरा एक बारका आकडा असतो तो गादीवर बसल्यापासूनच्या वर्षाचा.

तुमच्या आजीचा रुपया भिंगाखाली धरा आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. तिथं एक उर्दू अक्षर आहे. मीम असेल तर सहावा निजाम महबूब अली, ऐन असेल तर उस्मान अली. उस्मान अली गादीवर आला त्या सुरुवातीच्या रुपयांवर हे ऐन अर्धवट उमटवलंय, नंतर पूर्ण केलं. अर्ध्या ऐनला मागणी जास्त आणि ओळखणारे कमी. घरच्या गाठोड्यातला रुपया म्हणून बाजूला टाकण्याआधी हे एवढं बघाच.

तिकिटांत जरूर पडा, पण माझ्या पद्धतीनं. मी तिकीट जमवत नाही, तिकिटावरचा शिक्का जमवतो. निजामाचं टपाल खातं वेगळं होतं, 1869 पासून स्वतःची तिकिटं, आणि ती राज्याच्या आतच चालायची. पुण्या-मुंबईला कागद धाडायचा तर इंग्रजी तिकीट लावावं लागे. 1 एप्रिल 1950 ला ते खातं भारतीय टपालात विलीन झालं. आता गंमत बघा, वापरलेलं एक आण्याचं चारमिनारचं तिकीट दुकानदार ढिगात विकतो. त्याच्या लेखी सगळी सारखी. पण त्यातल्या एखाद्यावर गोल शिक्क्यात परभणी, हिंगोली, बीड, जालना, उस्मानाबाद लागतं. मला ते तिकीट नव्या कोऱ्या तिकिटाहून मोलाचं, आणि भाव तोच ढिगातला. अर्धाच शिक्का तिकिटावर बसतो हे खरं, पण दोन अक्षरं आणि एक तारीख मिळाली तरी गाव लागतं. पोस्टात आयुष्य गेल्यामुळं असेल, मला त्या काळ्या शाईतच जास्त रस आहे.

1931 च्या मालिकेतली दोन तिकिटं मात्र आपल्या घरची आहेत, ती मनात ठेवा. आठ आण्यावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा चांदमिनार. ती ढिगात येत नाहीत. दोन-तीन महिने काही न घेता पैसे साठवले तर वापरलेली मिळून जातात. सगळी मालिका एकदम घ्यायचा हट्ट करू नका.

मोंढा_कॉर्नर (जालना):

पाचशे रुपये महिना एसआयपीत टाका राव. तांब्याचे तुकडे घेऊन काय करणार?

हालीशिक्का (नांदेड):

मोंढा साहेब, तुम्ही गुटख्याला किती घालता ते आम्ही विचारलं का?

गंजगोलाई (लातूर):

हालीशिक्का काकांनी चांदी अगदीच वाळीत टाकली, म्हणून लिहिते. आमचं सराफीचं घर आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून हाली, म्हणजे निजामाचे रुपये गल्ल्यावर येतात. खेड्यातल्या बायका आणि तांड्यावरच्या लमाण बायका गळ्यात नाण्यांच्या माळा घालायच्या. त्यामुळं नाण्याला वर कडी डाखलेली असते. माळ मोडली की कडी निघते आणि टाक्याचा डाग राहतो. संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाहीत, म्हणून ते जवळपास चांदीच्या भावात जातं. पूर्णाकाठ दादा, तुमच्यासारख्याला तेच बरं. डाग वर कडेला असतो, चारमिनार आणि अक्षरं शाबूत असतात. उलट मला तर असलं नाणं आवडतं, कुणीतरी ते अंगावर वागवलेलं असतं.

रुपया 11.178 ग्रॅमचा आणि त्यात चांदी 81.8 टक्के, म्हणजे निव्वळ चांदी नऊ ग्रॅमच्या थोडी वर. इंग्रजांचा कलदार 11.66 ग्रॅमचा आणि चांदी 91.7 टक्के. जुनी माणसं सांगतात ना, सात हाली म्हणजे सहा कलदार? गणित मांडून बघा, सात हालीतली चांदी आणि सहा कलदारातली चांदी, दोन्हीकडं 64 ग्रॅमच्या आसपास येते. महायुद्धात 1942 च्या सुमाराला हाली रुपयात चांदी निम्मीच राहिली, म्हणून साल न बघता "चांदीचा रुपया" म्हणून घेऊ नका.

आजच्या चांदीच्या भावात पाचशेत अख्खा रुपया येणार नाही. कुणी देत असेल तर तो चांदीचा नाही, हिशेब इतका सरळ आहे. तुम्ही पावली बघा, म्हणजे चार आण्याची. 2.79 ग्रॅमची असते, एखाद्या महिन्याचे पैसे राखून घेता येईल. घेताना कडेवर बोट फिरवा. खऱ्या नाण्याच्या कडेला बारीक रेघा सलग असतात. साच्यात ओतलेल्या नकलीला कडेवर शिवण लागते आणि पृष्ठभागावर सुईनं टोचल्यासारखी छिद्रं दिसतात. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन करून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. लोहचुंबक सोबत ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. पितळेलाही ते चिकटत नाही, आणि 1947 चा वाघाचा इंग्रजी रुपया निकेलचा आहे, त्याला खरं असूनही चिकटतं.

आणि हात जोडून सांगते, चिंच, लिंबू, भांड्याची पावडर काहीही लावू नका. आमच्याकडं लोक चकचकीत करून आणतात आणि वर म्हणतात, बघा ताई कसं नवं दिसतंय!

तेरणाकाठ (धाराशिव):

एक गोष्ट सुटली, ती महत्त्वाची आहे. नाद वाढला की कुणीतरी येऊन म्हणतं, "पैठणला, तेरला, भोकरदनला पावसानंतर पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, सातवाहनांची नाणी सापडतात, स्वस्तात देतो." घेऊ नका. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनासाठी 1878 चा कायदा आहे, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतात. घरात वारशानं आलेलं ठेवायला हरकत नाही, पण ते देशाबाहेर विकायला धाडता येत नाही. म्हणजे महबूब अलीचे रुपये आता सगळेच त्यात आले, परदेशातल्या गिऱ्हाइकाला कुरिअर करायच्या फंदात पडू नका.

सातवाहनांचं बघायचंच असेल तर तेरला या. रामलिंगप्पा लामतुरे हे गावचे व्यापारी. त्यांनी गावात मिळालेलं एकेक जपून ठेवलं आणि त्यातून आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. पैठणलाही बाळासाहेब पाटलांच्या नावाचं आहे. दोन्हीकडं काचेआड नाणी आहेत, डोळा तयार होतो, खर्च एसटीच्या तिकिटाचा.

पूर्णाकाठ (परभणी):

सगळ्यांचे आभार. काका, कमानीत बघितलं. ऐन आहे, पण अर्धं का पूर्ण ते कळंना, लेकाच्या मोबाईलनं फोटो काढून टाकतो. साल 1337 वाचलं, बरोबर आहे का?

दुसरं विचारायचं राहिलं. त्याच पेटीत निजामाच्या स्टँपाचे चार-पाच मोठे कागद आहेत, उर्दूत लिहिलेले, वर रुबाबदार छाप. भंगारवाला म्हणतो छापाचा भाग कापून दे, तेवढ्याचे पैसे देतो.

हालीशिक्का (नांदेड):

1337 म्हणजे 1918-19. मग फोटोची गरजच नाही, ऐन पूर्णच. अर्धं ऐन फक्त 1329-30 मध्ये. झिजलं असेल म्हणून तुम्हाला अर्धं वाटलं.

कागदाला कात्री लावू नका! कापलेल्या छापाला कवडीची किंमत आणि अख्ख्या कागदात तुमचं काय काय असेल सांगता येत नाही. बहुतेक खरेदीखतं असतील. कागदावरचं साल हिजरी नसतं, फसली म्हणजे महसुलाचं असतं, त्यात 590 मिळवायचे. म्हणजे नाण्यावरचं 1342 हे 1923-24, पण कागदावरचं 1342 हे 1932-33. आधी उर्दू वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा, परभणीत जुने अर्जनवीस किंवा एखादे निवृत्त उर्दू मास्तर मिळतील. गट, शेत, भावकी कुणाची निघते बघा. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी समितीनं निजामकाळचे कागद धुंडाळले, तेव्हापासून आमच्याकडं लोक माळ्यावरची बोचकी उघडून बसलेत. तुमच्यातही काही निघालं तर ते छंदाच्या खात्यात धरू नका, जमिनीच्या फाईलला लावा.

ठेवताना घडीवर घडी घालू नका, चिकटपट्टी तर बिलकूल नको. नाण्यांचे मऊ प्लास्टिकचे अल्बम मिळतात तेही टाळा, दोन पावसाळ्यांत तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या, शंभराचं पाकीट मागवलं तर पुष्कळ दिवस पुरतं. ते या महिन्याच्या पाचशेतून आधी घ्या, नाणं पुढच्या महिन्यात.