'बायोफिल्म'ला जैवपटल म्हणावं का? आणि पॉलीअमाइनमुळे ते 'वाढतं' की 'घटतं'?

प्रश्न (कोथरूड): २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी शाळेत लावायचं भित्तिपत्रक मराठीत करते आहे. विषय आहे रोगजंतूंची बायोफिल्म, म्हणजे त्यांचा पृष्ठभागावरचा थर, आणि तिच्यावर होणारा पॉलीअमाइनांचा, म्हणजे पेशींतल्या छोट्या नायट्रोजनयुक्त रेणूंचा, परिणाम. मी 'जैवपटल' लिहिलं, पण ते वाचून मुलांना डोळ्यातला पडदा आठवतो. शिवाय 'पॉलीअमाइनांमुळे जैवपटल वाढतं' हे वाक्य बरोबर आहे का?

दंतवैद्य, नारायण पेठ: ताई, रुग्णांना मी 'चिकट थर' म्हणतो, लगेच कळतं. दातांवरचा मऊ थर ही बायोफिल्मच. 'किटण' मात्र लिहू नका. लाळेतले क्षार बसून तो थर टणक झाला की ते किटण, आणि ते ब्रशने निघत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, औंध: 'पटल' मलाही पटत नाही. पटल म्हटलं की पातळ, निर्जीव पापुद्रा डोळ्यांसमोर येतो. इथे जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा गिलावा लिंपतात. आतले जिवाणू मंदावतात, त्यामुळे प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. म्हणून आधी 'जिवाणूंचा चिकट थर' असं लिहा आणि पुढे सरळ 'बायोफिल्म' वापरा.

खरी काळजी मला तुमच्या क्रियापदाची वाटते. पॉलीअमाइन हे एका कुळाचं नाव आहे, आणि त्यातल्या दोन सख्ख्या भावंडांचं काम उलटसुलट असू शकतं. पटकीचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, घ्या. नॉरस्पर्मिडीन मिळालं की त्याची बायोफिल्म वाढते, स्पर्मिडीन मिळालं की घटते. दोन्ही रेणूंमध्ये फरक एका कार्बनचा आणि त्याला जोडलेल्या दोन हायड्रोजनांचा! जिवाणूच्या दोन आवरणांच्या मधल्या जागेत एनएसपीएस नावाचं प्रथिन असतं, ते या रेणूंना ओळखतं. तो निरोप एमबीएए हे आतल्या आवरणातलं प्रथिन पुढे नेतं, आणि पेशीतल्या सायक्लिक डाय-जीएमपी या निरोप्या रेणूचं प्रमाण बदलतं. ते वाढलं की जिवाणू थर बांधायला घेतो. नॉरस्पर्मिडीन हा जिवाणू स्वतः बनवतो, आपल्या पेशी बनवत नाहीत. आपल्याकडे स्पर्मिडीन आणि स्पर्मीन असतं. म्हणून असा अर्थ लावतात की नॉरस्पर्मिडीन 'आसपास आपलेच आहेत' सांगतं आणि स्पर्मिडीन 'आपण माणसाच्या आतड्यात आहोत'.

पुण्यातल्या मुलांना प्लेगचं उदाहरण जरूर द्या. १८९७च्या साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, हे त्यांना ठाऊक असतं. तो जिवाणू, येर्सिनिया पेस्टिस, पिसवेच्या अन्ननलिकेच्या टोकाशी बायोफिल्म करून वाट अडवतो. पोटात रक्त पोचत नाही, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि अडकलेले जंतू जखमेत ओकते. प्युट्रेसीन हे आणखी एक पॉलीअमाइन. ते बनवू न शकणाऱ्या येर्सिनियाची बायोफिल्म अगदी कमी भरते, बाहेरून प्युट्रेसीन दिलं की पुन्हा सुधारते. म्हणजे इथे पॉलीअमाइन थर बांधायला लागतंच.

भाषांतरकार, सदाशिव पेठ: मग प्युट्रेसीनला 'कुजाम्ल' वगैरे करू का?

प्राध्यापिका: कृपया नको. एक तर ते आम्ल नाही, उलट अल्कधर्मी आहे. ब्रीगर यांनी १८८५मध्ये ते कुजणाऱ्या मांसातून वेगळं केलं, म्हणून लॅटिन 'कुजणे'वरून नाव पडलं. पण ते आपल्या जिवंत पेशींतही असतं. मुलांच्या मनात दुर्गंधीचं चित्र बसलं तर पुढचं सगळं चुकतं. नाव आहे तसं देवनागरीत लिहा.

प्रश्नकर्ती: मॅडम, वाक्य असं बदलते: 'जिवाणू कोणता आणि पॉलीअमाइन कोणतं, यावर चिकट थर वाढणार की घटणार हे अवलंबून असतं.' खाली पटकी आणि प्लेग अशी दोन चित्रं. आणि 'पटकी' लिहू की 'कॉलरा'?

प्राध्यापिका: दोन्ही लिहा. आजीला पटकी कळेल, नातवाला कॉलरा. आणि पिसवेचं चित्र मोठं काढा, अडलेली जागा बाणाने दाखवा.