मदत हवी आहे: मोबाइलचा टॉर्च पहाटे हळूहळू उजळायला पाहिजे

सकाळपाळी
चार दिवस झाले डोकं खाजवतोय. आवाजाचा गजर नको. पहाटे ४.४० ला मोबाइलचा मागचा टॉर्च अगदी मंद लागावा आणि ५.१० पर्यंत वाढत वाढत फुल व्हावा, एवढंच. तीन ॲप घालून बघितली. एक थेट फुल मारतंय, दुसरं फडफडतंय, तिसरं कधी लागतंय कधी नाही. कुणी केलंय काय? लवकर सांगा, सोमवारपासून पहिली पाळी.

खानापूरकर
मोबाइल कुठला? अँड्रॉइड कितवं? हे न सांगता "लवकर सांगा" म्हणजे डॉक्टरला "दुखतंय" म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा.

निपाणी_नाका
एवढा खटाटोप कशाला लगा? मी २० वर्षं तंबाखूच्या वखारीत पहाटे जातोय. झोपताना दोन तांबे पाणी प्यायचं. चारला उठावंच लागतं.

टिळकवाडी_ताई
भाऊ, आवाज का नको? खोलीत आणखी कोण झोपतं?

सकाळपाळी
बाळ आहे, चार महिन्यांचं. एकच खोली. परवा गजर वाजला तसं ते उठलं, मग ही उठली, मग आई. माझी दाढी होईपर्यंत घरात सभा भरली होती. उद्यमबागेत ६ ला पंचिंग. मोबाइल अँड्रॉइड ११ वरचा आहे, त्याचा इथं काय संबंध?

खानापूरकर
तोच तर संबंध. टॉर्चचा उजेड कमीजास्त करायची सोय ॲपवाल्यांना अँड्रॉइड १३ पासून मिळाली, २०२२ मध्ये. तीही मोबाइलच्या हार्डवेअरनं साथ दिली तर. तुझ्या ११ वर ॲपच्या हातात दोनच गोष्टी, चालू आणि बंद. फडफडणारं ॲप भराभर चालू-बंद करून मंद भासवायला बघतंय. खरं टॉर्चचा प्रत्येक हुकूम कॅमेऱ्याच्या यंत्रणेतून जातो, तेवढ्या वेगानं होत नाही. म्हणून गणपतीची लायटिंग.

सांबरा_रोड
चूक. माझ्या जुन्या सॅमसंगवर टॉर्चला पाच पायऱ्या आहेत, १३ यायच्या आधीपासून.

खानापूरकर
त्या कंपनीनं आपल्या पॅनेलमध्ये दिलेल्या, बोटानं सरकवायच्या. ४.४० ला सरकवायला तू येतोस काय?

सांबरा_रोड
मग स्मार्ट बल्ब घे म्हणावं. बेळगावीत कुठल्याही दुकानात मिळतो.

सकाळपाळी
पावसाळ्यात आमच्याकडं पहाटे लाइट असली तर देवाची कृपा. म्हणून तर मोबाइल.

शहापूर_पेठ
बेळगाव म्हणा. बेळगाव.

सांबरा_रोड
१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावीच आहे, बसवर वाचा.

शहापूर_पेठ
बसवर काय काय लिहिलेलं असतं. घरात काय म्हणता ते सांगा.

यळ्ळूरचे_मास्तर
मूळ दोष घड्याळाचा आहे. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरची. आपण साधारण ७४.५ वर. आठ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडं ३२ मिनिटं उशिरा. जानेवारीत सात वाजल्याशिवाय तोंड दाखवत नाही. शरीराला कळणार कसं की सकाळ झाली?

खानापूरकर
मास्तर, पटलं. खरं त्यानं टॉर्च विचारलाय.

टिळकवाडी_ताई
टॉर्च सोडा आणि स्क्रीन वापरा. स्क्रीनचा उजेड कुठल्याही ॲपला हळूहळू वाढवता येतो, त्याला अँड्रॉइड १३ लागत नाही. सूर्योदयाचा गजर देणारी ॲप आहेत, आवाज शून्य करायचा. मोबाइल हातभर अंतरावर, तोंड तुमच्याकडं, पाठ बाळाकडं. उजेड बंद पापण्यांतूनही आत जातो. आणि ॲप कधी लागतं कधी नाही, कारण बॅटरी वाचवायला फोनच त्याला झोपवतो. सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरीचं बंधन काढा. तरी पहिले दोन दिवस खबरदारी म्हणून आवाजाचा गजर ५.२० ला ठेवा.

सकाळपाळी
दुकानदारानं सेटिंग कन्नडमध्ये करून दिलंय. बोलायला येतं, वाचायला अडखळतो.

निपाणी_नाका
भाषा बदल की मग. आणि पाणी पिऊन बघितलंस काय?

सकाळपाळी (बुधवारी)
ताई, झालं. मोबाइल पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवला. सोमवारी ५.२० च्या गजरानंच उठलो आणि परत सभा. बॅटरीचं बंधन काढायचं राहिलं होतं. काल आणि आज मात्र ५ च्या आसपास आपोआप डोळा उघडला. बाळ ढाराढूर. ही तेवढी कुशीवर वळून म्हणाली, "पहाटे पहाटे कुणाशी चॅटिंग चाललंय?"

निपाणी_नाका
पाण्याला कुणी असं विचारत नाही.