लग्नानंतर अँग्लिकन चर्चमध्ये आलेय, पुस्तकातली उपासना जमत नाही, कुणीतरी सांगा की

खानापूरची_लेक

सगळ्यांना सलाम. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. मे महिन्यात लग्न होऊन बेळगाव कॅम्पात आले, सासरची माणसं तीन पिढ्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून आलेल्या परंपरेच्या चर्चची सभासद. माणसं चांगली आहेत, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही, पण रविवारी चर्चमध्ये पाय ठेवला की मला परक्याच्या घरी आल्यासारखं होतं बघा.

आमच्या गावात कसं, पेटी, तबला, टाळ, दोन भजनं झाली की पाळक प्रार्थना करायचे, मग ज्याच्या मनात येईल त्यानं उठून करायची, माझी आई तर डोळे मिटून शेजारणीच्या आजारी म्हशीपासून भावाच्या परीक्षेपर्यंत सगळं देवाला सांगायची. इथं सगळं पुस्तकात. पाळक एक ओळ म्हणतात, लोक पुढची ओळ म्हणतात, कधी उभं राहून, कधी बसून, कधी गुडघे टेकून, आणि सगळ्यांना पाठ, पुस्तक हातात असून कुणी बघतसुद्धा नाही. परवा सगळे गुडघ्यावर गेले आणि मी एकटीच उभी, मागच्या बाकावरच्या मावशींनी हळूच पदर ओढला तेव्हा कळलं. मग प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायला, रांग लागली, सासूबाई गेल्या, हे गेले, मी बाकावरच बसून राहिले, कारण मला चालतं की नाही हेच माहीत नाही. आमच्याकडं महिन्यातून एकदा असायचं, इथं दर रविवारी, आणि त्याला बिशपांच्या हातून दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वासाची पक्की कबुली) झालेलं लागतं असं कुणीतरी म्हणालं. घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी ताट वाढताना पाठीवरून हात फिरवला तेवढा, आणि मला रडूच आलं.

मी प्रभुभोजन घेऊ शकते का? आणि दुसरं, हे विचारायला संकोच वाटतो पण खरंच विचारते, छापलेली प्रार्थना वाचली तर ती माझी प्रार्थना होते का? कुणाला राग येऊ नये.

वेदीची_सेवा

राग कशाला येईल गं पोरी, उलट विचारलंस हे बरं केलंस. मी आमच्या चर्चमध्ये बावीस वर्षं वेदीची तयारी करते, म्हणजे कापड बदलणं, भांडी घासणं, फुलं, मेणबत्त्या, सगळं. ऐक.

तू माहेरी पूर्ण सभासद झालेली आहेस ना? क्लास करून, मंडळीपुढं उभं राहून? आणि तिथं प्रभुभोजन घेत होतीस ना? मग घाबरू नको. आमच्याकडं पाळक दर वेळी सांगतात की दुसऱ्या मंडळीतले प्रभुभोजन घेणारे सभासदही यावेत. तरी तू असं कर, रविवारी गर्दीत नको, मधल्या वारी संध्याकाळी नवऱ्याला घेऊन पाळकांना भेट आणि गावच्या पाळकांकडून सभासद असल्याचं पत्र आणून दे, म्हणजे तुझं नाव इथल्या रजिस्टरला चढेल. दृढीकरणाचं काय करायचं ते तेच सांगतील, बिशप येतात तेव्हा क्लास असतो, आमच्या इथं मुलांच्या आया पण बसतात त्या क्लासला, त्यात कमीपणा काही नाही.

आता रांगेत गेल्यावर काय करायचं ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही आणि नवीन माणूस तिथंच गोंधळतो. कठड्यापाशी गुडघे टेकायचे, गुडघे दुखत असतील तर उभं राहिलं तरी चालतं. डावा तळहात खाली, उजवा त्याच्यावर, असा पाळणा करून पुढं धरायचा, म्हणजे पाळक भाकर हातावर ठेवतात. आमेन म्हणायचं, तिथंच खायची. प्याला आला की खालून हलकेच धरून एक घोट घ्यायचा, कोरोनापासून बरेच जण भाकर प्याल्यात बुडवून घेतात, तसंही चालतं. मग घाई न करता उठायचं, शेजारचा उठला की उठायचं. झालं.

आणि कधी उभं राहायचं याची एक साधी खूण, स्तुती आणि शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचं वाचन) उभं राहून, बाकीचं वाचन आणि उपदेश बसून, पापांगीकार (पापांची कबुली) गुडघ्यावर. एवढं ध्यानात ठेवलंस की बाकीचं महिन्याभरात अंगवळणी पडतं. वेदीवरचं कापड पण बघत जा. आता हिरवं आहे, ते नाताळाआधीच्या आगमनकाळापर्यंत बहुतेक हिरवंच राहील, मग जांभळं, नाताळाला पांढरं, ईस्टरआधीच्या उपवासकाळात परत जांभळं, ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरला तो सण) लाल. मला लिहिता वाचता येत नसतं तरी नुसत्या कापडावरून कळलं असतं की येशूच्या गोष्टीत आपण आता कुठं आहोत.

उद्यमबागवाला

ताई, तुमचा दुसरा प्रश्न मला बरोबर वाटतो आणि मी त्याच्या बाजूनं बोलणार. मी जन्मापासून याच चर्चचा, पण माझ्या वयाची निम्मी पोरं आज नव्या फेलोशिपांना, म्हणजे मोकळ्या प्रार्थनासभांना जातात, हॉलमध्ये गिटार असतं, माणसं मोकळी रडतात, एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना करतात. इकडं आम्ही तेच शब्द दर रविवारी. माझ्या कंपनीतल्या मित्राला एकदा आणलं होतं, तो म्हणाला तुम्ही देवाशी बोलताय की देवापुढं वाचताय. मला उत्तर देता आलं नाही, अजून येत नाही. जुन्या लोकांनी याचा विचार करावा एवढंच, चर्च सोडून जायचं माझ्या मनात नाही.

पेटीवाला_शहापूर

उद्यमबागवाले भाऊ, तुमच्या मित्राच्या प्रश्नाला माझ्याकडं एकच उत्तर आहे आणि ते माझ्या घरातलं आहे.

चार वर्षांमागं बाबा आयसीयूत होते, नऊ दिवस. मी चांगला बोलणारा माणूस, महिला मंडळापासून युवक संघापर्यंत कुठंही प्रार्थना करायला उभं केलं तर दहा मिनिटं करू शकतो. त्या आठव्या रात्री बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसलो आणि एक शब्द सुचेना. देवा म्हणायचो आणि पुढं काही नाही. मग आपोआप तोंडात आलं, जे लहानपणापासून प्रभुभोजनाच्या आधी म्हणतो ते, तुझ्या मेजाखालचा चुरा वेचण्याचीही आमची लायकी नाही, पण दया करणं हा तुझा स्वभावच आहे. तेवढंच म्हणत बसलो पहाटेपर्यंत. दर रविवारी अर्धं लक्ष पेटीकडं ठेवून म्हटलेले ते शब्द त्या रात्री मला धरून होते. तेव्हा मला कळलं की पाठ असणं म्हणजे कोरडं असणं नाही, आई पण रोज तेच म्हणते जेवलास का, म्हणून ती मनापासून विचारत नाही असं थोडंच आहे.

ती चुऱ्याची प्रार्थना कुठून आली माहितीय का, मत्तयच्या १५ व्या अध्यायात ती कनानी बाई येशूला म्हणते की कुत्रीसुद्धा धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात. तिच्या लेकीसाठी ती भांडत होती. इंग्लंडात १५४९ साली पहिलं प्रार्थनेचं पुस्तक निघालं त्यात ही प्रार्थना आहे, १६६२ च्या पुस्तकात पण आहे, आणि तिथून आपल्या मराठीत आली. म्हणजे एका बाईचं पोटच्या पोरीसाठीचं रडणं आपण दर रविवारी म्हणतो. खानापूरच्या ताई, तुमच्या आईची म्हशीची प्रार्थना आणि ही प्रार्थना मला तरी एकाच जातीच्या वाटतात.

पण भाऊ, गिटारचं म्हणणं मी टाळत नाही. पोरांना वाजवायला जागा दिली पाहिजे. आमच्याकडं पाळकांनी मागच्या वर्षीपासून महिन्यातल्या एका रविवारी तबला आणि टाळ घ्यायला सुरुवात केलीय, टिळकांची गीतं घेतो. नारायण वामन टिळक अँग्लिकन नव्हते, ते १८९५ ला अमेरिकन मराठी मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतलेले, पण त्यांची गाणी कुठल्या मराठी चर्चमध्ये नाहीत सांगा. ताई, तुम्हाला भजनं येत असतील तर आम्हाला खरंच गळा पाहिजे, बायकांचा आवाज कमी पडतोय.

जुना_कॅम्पकर

थोडा इतिहास सांगतो, कारण या मुलीला वाटतंय की ती परक्या घरात आली, तसं नाही.

जॉन वेस्ली, ज्यांच्यापासून मेथडिस्ट झाले, ते १७९१ साली वारले तोपर्यंत इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित पाळकच होते. आणि शक्य तितक्या वेळा प्रभुभोजन घ्या, टाळू नका, असं त्यांनी आपल्या लोकांना बजावून सांगितलं. म्हणजे बाळ, दर रविवारचं प्रभुभोजन हे तुझ्याच मूळपुरुषाचं म्हणणं आहे. तू सासरी आली नाहीस, एका अर्थी आजोळी आलीस.

बेळगावात प्रॉटेस्टंट काम १८२० ला लंडन मिशननं सुरू केलं, पुढं १९०४ ला ते मेथडिस्टांकडं आलं, तुमची मंडळी त्या वेलीची. अँग्लिकन इथं आले ते छावणीबरोबर, गोऱ्या पलटणींसाठी, कॅम्पातलं सेंट मेरीज १८६९ चं. त्यामुळं आपल्याकडं इंग्रजी पुस्तक आधी आणि मराठी माणूस नंतर असं झालं, आणि त्याचं ओझं अजून आहे, हे मी उघड मान्य करतो. पण मराठीत अँग्लिकन माणसं लहान नव्हती हो. नीळकंठशास्त्री गोरे, १८४८ चा बाप्तिस्मा, पुढं अँग्लिकन पाळक झाले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्येच झाला, आणि त्यांनी सगळं बायबल साध्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. पुस्तकातली उपासना परकी वाटली की मी रमाबाईंची आठवण काढतो.

पुढं वेगवेगळी प्रॉटेस्टंट चर्च एक होऊन १९४७ ला दक्षिणेत सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) झालं, १९७० ला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, अँग्लिकन दोन्हीत गेले, आणि आपण तर सीमेवरचे, धारवाडकडं गेलं की सीएसआय, कोल्हापूरकडं गेलं की सीएनआय. अमेरिकन मेथडिस्ट शेवटच्या घटकेला सीएनआयच्या एकीतून बाहेर राहिले, म्हणून तुझं माहेर आणि सासर कागदावर वेगळं. मला त्याचं वाईट वाटतं. एकाच गल्लीतली दोन ख्रिस्ती घरं, आणि लग्न झालं की पोरीला पत्र आणावं लागतं.

हार्वेस्ट_कमिटी

मला वाटतं सगळ्यांनी उपासनेचंच सांगितलं, पण माणूस चर्चचा होतो तो उपासना सुटल्यावर. ताई, उपासना झाली की लगेच गेटकडं जाऊ नका. चहा असतो, त्या चहाला थांबा. कप गोळा करायला लागा, कुणाला न विचारता. मी लग्न होऊन धारवाडकडनं आले, माझी घरची भाषा कन्नड, मराठी मला धड येत नव्हती, सगळ्या मराठी काकूंमध्ये मी मुकी बसायची. कप धुता धुता मराठी शिकले. आज इथं मराठीत टाइप करतेय ते त्या नळाखालचं शिक्षण.

आणि भाषेचं म्हणाल तर बाहेर काय चालतं ते आपण सगळे जाणतो, बोर्डावरून, बसवरून. आमच्या चर्चमध्ये एक उपासना मराठी, एक कन्नड, इंग्रजी पण असते, वेळेवरून कुरबुर होते, मोठा हॉल कुणाला यावरून एकदा मीटिंगमध्ये आवाज चढलेले मी ऐकलेत. पण गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन सगळे एकत्र बसतो, क्रुसावरचे सात उद्गार असतात ना, काही मराठीत, काही कन्नडमध्ये, एखादा इंग्रजीत, आणि प्रभूची प्रार्थना ज्याला जी येते त्या भाषेत एकदमच म्हणतो. तो आवाज एकदा ऐका. मी कितीही थकलेली असले तरी त्यासाठी येते.

पाऊस संपला की हार्वेस्टचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण येतोय, तेव्हा माहेरचं काहीतरी आणा. खानापूरकडचा तांदूळ आणलात तर लिलावात उड्या पडतील. आमच्याकडं कोहळा, ऊस, अंडी, कोंबडी, गुळाची ढेप, घरचं लोणचं, सगळं वेदीपुढं मांडतात आणि उपासना झाली की अंगणात लिलाव. मागच्या साली एक नारळ पाच वेळा विकला गेला, जो घेई तो परत दान करी, शेवटी तो एका रिक्षावाल्या काकांनी घेतला आणि नुकतीच नवऱ्याला पुरून आलेल्या एका बाईंच्या हातात नेऊन दिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गप्प झाले फक्त.

खानापूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी आम्ही दोघं पाळकांना भेटलो, त्यांनी पाच मिनिटांत हो म्हटलं, पत्र सावकाश आणा म्हणाले. काल गेले मी कठड्यापाशी. डावा हात खाली, उजवा वर, तरी हात थरथरत होते. ती चुऱ्याची ओळ आली तेव्हा मी पुस्तकात बघून म्हटली, पण मनात माझी आईच होती, ती अशीच मागते देवाकडं, दुसऱ्याच्या म्हशीसाठीसुद्धा. पेटीवाले दादा, मला पटलं तुमचं. उद्यमबागवाले दादा, तुमचं पण मी सोडलेलं नाही, भजनाच्या रविवारी मी गाणार आहे, तुमच्या मित्राला परत आणा.

चहाला पण थांबले. कप धुवायला गेले तर तिथं पदर ओढणाऱ्या मावशीच होत्या. त्या म्हणाल्या प्याल्यातला रस घरी करतात, काळ्या मनुकांचा, आणि आता करणारं कुणी नाही, सगळ्यांचं वय झालं. वेदीची सेवा करणाऱ्या काकू, तो कसा करतात सांगाल का? मला शिकायचंय.

वेदीची_सेवा

अगं हे विचारलंस आणि माझे डोळे भरून आले बघ. पाव किलो काळ्या मनुका, बिया असलेल्या घे, रंग चांगला येतो. तीन पाण्यानं धुवायच्या, आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवायच्या, मनुका फुगून फुटायला लागल्या की उतरवायचं. गार झालं की कुस्करून स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळायचं, पिळायचं नाही जोरात, गढूळ होतं. साखर अजिबात नाही. आणि करताना घरात टीव्ही बंद ठेवते मी, नियम नाही तसा, माझ्या सासूबाई ठेवायच्या.

या शुक्रवारी रात्री मी भिजत घालते, शनिवारी सकाळी घरी ये. पातेलं माझ्याकडं आहे. फडकं तू नवं आण, माझं झिजलंय.