अनुभव धागा : दुसऱ्याच्या पासवर्डने झालेले गैरव्यवहार

२०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतला, पुढे सुमारे १३ हजार कोटी रुपयांपर्यंत गेलेला घोटाळा उघडकीस आला. हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून परदेशी जात होते आणि ती यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीशी जोडलेली नसल्यामुळे हिशेबात त्यांची नोंद उमटतच नव्हती. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील संस्था लहान आहेत. परंतु आतल्याच माणसाने यंत्राच्या आडून केलेला गैरव्यवहार येथेही घडतो आणि गावात सगळेच एकमेकांच्या नात्यातले असल्यामुळे त्याविषयी कोणी बोलत नाही. ज्यांनी हे पाहिले किंवा सोसले, त्यांनी संस्थेचे व व्यक्तीचे नाव न घेता लिहावे, ही विनंती.

चिपळूण, पतसंस्थेतील निवृत्त लिपिक
आमच्या प्रणालीत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, अशी अट होती. परंतु शाखाधिकारी वसुलीसाठी बाहेर पडत, तेव्हा काम अडू नये म्हणून त्यांच्या पासवर्डची चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली असे आणि ती आम्हा चौघांनाही ठाऊक होती. आमचे बहुतेक मोठे ठेवीदार मुंबईचे चाकरमानी. ते शाखेत येत ते गणपतीत. हे हेरून आमच्यातल्याच एकाने त्यांच्या खात्यांवरचे मोबाइल क्रमांक बदलले, म्हणजे संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाहीत, आणि गणपती आटोपले की त्यांच्या मुदत ठेवींवर कर्ज काढून पुढच्या गणपतीपूर्वी ते फेडण्याचा क्रम सुरू केला. खतावणीच्या काळात त्याला सही गिरवावी लागली असती आणि ती आमच्या रोखपालांनी नक्की ओळखली असती.

२२ जुलै २०२१ रोजी शहरात पूर शिरला. त्यानंतर काळजीने गावी धावून आलेल्या चाकरमान्यांनी ठेवीच्या पावत्या पुढे केल्या, तेव्हा तिघांच्या ठेवींवर कर्ज निघाले. मंजुरीच्या रकान्यात सर्वत्र शाखाधिकाऱ्यांचेच नाव होते.

वेंगुर्ले, काजू कारखान्यातील भागीदार
आमचा हिशेबनीस काजू बीच्या खरेदीची जुनी बिले मागील तारखेने बदलत असे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर सक्तीचे झाले. आमची भागीदारी संस्था असल्यामुळे ती सक्ती आम्हाला नव्हती, म्हणून आम्ही ते घेतले नाही. गोदामातील पोती मोजली, तेव्हा चोरी कळली.

मालवण, पर्यटक निवास चालवणारी
मे महिन्याच्या गर्दीत काउंटरवरच्या क्यूआर कोडवर आमच्याच मुलाने स्वतःचा चिकटवला होता. पैसे आल्याचे बोलून सांगणारा डबा दोन दिवस गप्प होता, तरी आम्हाला संशय आला नाही.

दापोली, कार्यालयातील संगणकचालक
मी बाळंतपणाच्या रजेवर असताना माझ्या नावाने बनावट देयके निघाली. रजेवर जाताना पासवर्ड मीच सहकाऱ्याला दिला होता, कारण तसा वरून आग्रह होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क (66C) नुसार दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला नंतर वकिलांनी सांगितले. रुग्णालयाच्या कागदांनी मला वाचवले. ते नसते तर माझा शब्द कोणी मानला नसता. चिपळूणच्या काकांना विचारावेसे वाटते, त्या शाखाधिकाऱ्यांचे पुढे काय झाले?

चिपळूण, निवृत्त लिपिक
ताई, ते निलंबित झाले. काचेखालच्या चिठ्ठीविषयी मी चौकशीत सांगितले, पण आठ महिन्यांनी. तोवर त्यांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे भरपाई म्हणून संस्थेत भरले होते.