उत्तर: १४ सामने जिंकूनही पाहुणेच?

मंडळी,
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये २०२४ च्या हंगामात आमच्या व्हायकिंग्जने १७ पैकी १४ सामने जिंकले, तरी प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत यजमानपद १० जिंकलेल्या रॅम्सला. हा कुठला न्याय?
– मिनिॲपोलिसकर

---

मिनिॲपोलिसकर,
न्याय नाही, नियम. प्रत्येक कॉन्फरन्समधले (लीगच्या दोन भागांपैकी एकातले) ७ संघ प्लेऑफला जातात. कॉन्फरन्सच्या चार डिव्हिजनचे (छोट्या गटांचे) विजेते सीड म्हणजे मानांकन १ ते ४, बाकीच्यांतले सर्वोत्तम तीन, म्हणजे वाइल्ड कार्ड, ५ ते ७. वरच्या सीडच्या घरी सामना. डिव्हिजन जिंकणारा कितीही लंगडा असो, पहिल्या चौघांतच बसतो. २०१० च्या हंगामात ७-९ (७ विजय, ९ पराभव) अशा सीहॉक्सने ११-५ च्या सेंट्सना घरी बोलावून ४१-३६ हरवलं होतं.

तुमचं खरं दुखणं शेवटच्या रविवारचं. एकाच डिव्हिजनमधले लायन्स आणि व्हायकिंग्ज दोघेही १४-२, आणि सामना एकमेकांशीच. लायन्स ३१-९ जिंकले आणि सीड १ झाले, हरलेले थेट ५. २०२० पासून बाय (पहिली फेरी न खेळता पुढे जाणं) फक्त सीड १ ला, आणि दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतला सर्वांत खालचा सीड त्यांच्याच दारात येतो. म्हणजे एका सामन्यात आठवड्याची विश्रांतीही गेली आणि मैदानही. गंमत अशी, की सीड विजयांवरून ठरवा ही सूचना २०२५ मध्ये लायन्सनेच मांडली. पुढे मागेही घेतली.
– शिकागोकर

---

शिकागोकर दादा,
मैदान गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, तेही सांगायला हवं. थंडी-वाऱ्याचं फार कौतुक होतं, पण खरी मेख आवाजात आहे. घरचे प्रेक्षक इतका गोंगाट करतात, की पाहुण्या क्वार्टरबॅकची (चाल चालवणाऱ्या खेळाडूची) हाक चार हातांवरच्या सेंटरलाही (त्याला चेंडू देणाऱ्यालाही) ऐकू जात नाही. मग सायलेंट काउंट: क्वार्टरबॅक पाय उचलतो, मागे बघत असलेला गार्ड (सेंटरच्या शेजारचा खेळाडू) सेंटरला थोपटतो, सेंटर मान हलवून ठरलेल्या ठोक्यावर चेंडू मागे देतो. रांगेच्या कडेला क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या टॅकलने चेंडूकडे बघावं, की अंगावर येणाऱ्याकडे? अर्धा क्षण उशीर झाला की कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा एज रशर निसटलाच. घाई केली तर फॉल्स स्टार्ट (चेंडू सुटण्याआधी हलल्याचा दंड), पाच यार्ड मागे. थर्ड अँड ५ चं (तिसरा प्रयत्न, ५ यार्ड हवेत) थर्ड अँड १०. ठोका दर वेळी तोच ठेवला तर डिफेन्सलाही पाठ होतो, म्हणून तो बदलत राहावा लागतो. त्यात प्रशिक्षकाचं बोलणं पोचवणारा हेल्मेटमधला रेडिओ प्ले क्लॉकवर (चाल सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद. म्हणून बाहेर जाणारे संघ आठवडाभर मोठे स्पीकर लावून सराव करतात. स्वतःचा संघ चेंडू खेळवत असताना आमच्या ॲरोहेड स्टेडियमवर मात्र चिडीचूप. तिथेच २०१४ मध्ये १४२.२ डेसिबलचा विक्रम झाला होता.
– कॅन्सस सिटीकर

---

ताई, पटलं. पण रॅम्सला घरचं मैदानही मिळालं नाही. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे तो सामना ॲरिझोनात ग्लेंडेलला हलवला होता, तरी आम्ही २७-९ हरलो. आणि हेच रॅम्स फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतःच्या सोफाय स्टेडियममध्ये सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकले, तेव्हा कागदावर ‘पाहुणे’ होते, यजमान बेंगल्स!
– मिनिॲपोलिसकर