मामाचा एमआरआय

सुधामामा: रिपोर्ट आला. ‘मल्टीलेव्हल डिस्क डेसिकेशन, एल ४-५ ला डिफ्यूज बल्ज.’ म्हणजे मणक्यात गॅप पडला ना? तुमच्या मामीने आत्तापासूनच वाकायला बंदी घातलीय.

मंजूमावशी: अगं बाई! दादा, आता वजन अजिबात उचलू नकोस.

रेवा: थांबा जरा. आपण सगळे ‘गॅप पडला’ म्हणतो खरं, पण होतं उलटंच. डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली गादी. ती वाळून चेपते आणि मणक्यांमधली जागा कमी होते. एक्सरेत गादी दिसतच नाही, फक्त ती जागा दिसते. गादी बघायची तर एमआरआयच.

निखिल: आणि डेसिकेशन?

रेवा: पाणी कमी होणं. तरुणपणी गादीच्या गाभ्यात ८० ते ९० टक्के पाणी असतं. एमआरआयच्या टी२ नावाच्या प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. वय वाढतं तशी पांढरी गादी राखाडी होते, मग काळी. त्यावरून नजरेनेच १ ते ५ ग्रेड देतात, फिरमान ग्रेड म्हणतात त्याला, २००१ पासून.

निखिल: मग मामा, पाणी पीत जा भरपूर 😄

रेवा: तसं नाही रे. मोठेपणी गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, मणक्यांच्या बाजूने झिरपेल तेवढ्यावर तिचं भागतं. शिवाय पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकनच वयाबरोबर घटतात. प्यायलेलं पाणी तिथे टिकणार कसं?

सुधामामा: थोडक्यात, मी वाळलो.

रेवा: ६१ व्या वर्षी बहुतेक सगळेच वाळतात. २०१५ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज, साठीत ८८, ऐंशीत ९६. बल्ज, म्हणजे गादी कडेने बाहेर फुगणं, साठीत ६९ टक्के. आणि यातलं कुणी तक्रार घेऊन आलेलं नव्हतं!

सुधामामा: पण माझी दुखते ना गं.

रेवा: दुखते हे खरंच. पन्नाशीच्या आतल्यांत पाठ दुखणाऱ्यांकडे हे बदल जास्त सापडतात, तेव्हा चित्र अगदीच फोल नाही. पण दुखणं या गादीचंच, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही.

सुधामामा: आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात ते?

रेवा: हे आत्ता सांगतोस?? एल ४-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, बहुतेक वेळा एल ५ ची नस दाबली जाते आणि ती अंगठ्याकडेच जाते. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायच्या आधी हे सांग. टाचांवर चालून बघ बरं. लघवीला काही त्रास? बसायची जागा बधिर?

सुधामामा: चाललो. जमतं. बाकी काही नाही.

रेवा: ठीक. पण लघवी अडली, तिथे बधिर वाटलं किंवा पाऊल उचलेना, तर रात्र असली तरी सरळ इमर्जन्सीत.

मामी: टाचांवर चालतानाचा व्हिडिओ काढलाय. टाकू का?

सुधामामा: नको.