मदत हवी आहे: थायमसमधल्या पेशी नेमक्या कशाने मरतात, हे बारावीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोलीजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात वर्गात माझ्या हातून चूक झाली. ती नीट दुरुस्त करायची आहे.

टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) छातीतल्या थायमस ग्रंथीत घडतात आणि १०० मधल्या ९५ हून अधिक तिथेच मरतात, असं सांगून मी पुढे म्हणालो, "आपल्याच शरीरावर उलटतील त्यांना काढून टाकतात." सत्तरी तालुक्यातली एक मुलगी उठली. "सर, म्हणजे त्या सगळ्याच घातकी होत्या?" मी "हो" म्हणून मोकळा झालो.

घरी येऊन वाचलं तर तिचीच शंका खरी. टी-पेशीचा रिसेप्टर (समोरचा रेणू ओळखणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) जनुकांचे तुकडे कसेही जोडून बनतो, त्यामुळे बहुतेक रिसेप्टर निरुपयोगीच निघतात. आपल्या पेशींवरचे एमएचसी रेणू (प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना दाखवणारे) ज्यांना ओळखताच येत नाहीत, त्यांना "जग" असा निरोप मिळत नाही आणि तीन-चार दिवसांत त्या संपतात. सर्वांत जास्त मरतात त्या याच. स्वतःच्या प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्यांची चाळणी वेगळी, आणि त्यातल्याही काही मरत नाहीत, नियामक टी-पेशी (इतर टी-पेशींना आवरणाऱ्या) होतात. (इन्सुलिनसारखी प्रथिनं थायमसमध्येच थोडी थोडी बनवून दाखवणारं एआयआरई जनुक वाचून तर मी थक्क झालो. हे मुलांना सांगायचंच आहे.)

अडलंय ते इथे. दोन्ही प्रकारांत पेशी मरते ती स्वतःच्याच आतल्या यंत्रणेने, कॅस्पेस विकरांनी. बाहेरून कोणी येऊन मारत नाही. कुलूप-किल्लीचा दाखला दिला की पोरांना कोणीतरी पहारेकरी दिसतो. "उपासमार" म्हणावं तर अन्न भरपूर असतं, कमी पडतो तो निरोप. पेशीच्या अशा स्वतःहून मरण्यासाठी १९७२ साली अपोप्टोसिस हा शब्द आला तो पानगळीच्या ग्रीक शब्दावरून, म्हणून सागाच्या पानाचा दाखला योजला. आमच्याकडे मुलं तो रोज बघतात. पण पानाला टिकवणारं ऑक्झिन हे संप्रेरक पानातूनच देठाकडे जातं, टी-पेशीला निरोप बाहेरून लागतो. तिथे दाखला तुटतो.

तर विचारायचं असं: निरोप न आल्यामुळे मरणं, हे दाखवणारा एखादा घरगुती दाखला किंवा चिठ्ठ्यांचा खेळ कोणी वर्गात वापरला आहे का? मुलं ३५ आहेत. आणि अशा निरोपाविना मरण्याला इंग्रजीत म्हणतात त्या "डेथ बाय निग्लेक्ट"साठी चांगला मराठी शब्द सुचवा. "उपेक्षेने मृत्यू" म्हटलं की कोणीतरी मुद्दाम दुर्लक्ष केल्यासारखं वाटतं.

शनिवारी पुन्हा तास आहे. त्या मुलीला सगळ्यांसमोर सांगायचंय की तिचा प्रश्न बरोबर होता.